उष्टं भिंग

ते उजवा डोळा नळीला लावायचे आणि डाव्या डोळ्याने आमच्याकडे बघायचे.

तुम्ही शाळेत कधी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं असेल, तर दुसरा डोळा घट्ट मिटून घेतला असणार. सगळेच घेतात. तोंड वाकडं होतं, पाच मिनिटांत कपाळ ठणकायला लागतं. सराईत माणूस दोन्ही डोळे उघडे ठेवतो, एकाने काम करतो आणि दुसऱ्याला विसरतो. आमचे भाऊ दुसऱ्याला विसरत नसत. उजव्याने जंतू शोधायचे, डाव्याने आमच्या चुका. बाटलीचं बूच उघडं राहिलं, कुणी काच उलटी ठेवली, कुणी जांभई दिली, की मान न हलवता आवाज यायचा, "दिसून राह्यलं मले, मॅट्रिक. सगळं दिसून राह्यलं."

मॅट्रिक म्हणजे मी. विज्ञान घेऊन मॅट्रिक झालो होतो आणि चांदा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत मदतनीस म्हणून लागलो होतो. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. माझ्या नोकरीतच तो मुंबईकडे गेला, दवाखान्याच्या पाटीला नवा रंग लागला, आणि खोलीचं छप्पर गळायचं तसंच गळत राहिलं. रक्त, थुंकी आणि कातडीचा रस तपासणं हे आमचं काम. त्या खोलीचे मालक म्हणजे हे भाऊ. गावात त्यांना 'रक्तवाले भाऊ' म्हणत. खरं नाव मी सांगणार नाही. त्या नावाची जेवढी बदनामी व्हायची तेवढी होऊन गेली आहे, आणि ती मी केली आहे.

भाऊंबद्दल कुणी चांगलं बोलत नसे, आणि त्यात त्यांचीच मेहनत होती. उंच, काटक अंग, भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा, नखं मांसापर्यंत कापलेली. बायको वारलेली. एकच मुलगी, शेवंता, ती दुपारी डबा घेऊन यायची. तिच्याशी तेवढं ते माणसासारखं बोलायचे. बाकी आम्ही सगळे त्यांच्या लेखी गाढवं. कंपाउंडरला ते तोंडावर 'मिक्श्चर' म्हणत, का तर तो कोणतीही गोष्ट पाणी घालूनच सांगतो.

पहिल्या दिवशी त्यांनी मला व्हरांड्यात, बाकावर बसलेल्या रोग्यांसमोर उभं केलं. पेटीतून पितळी यंत्र काढलं. एक हात मानेला, एक हात पायाखाली, बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणतात तसं. मेजावर ठेवून म्हणाले, "नावं सांग. पायापासून वर ये."

"बेस," मी म्हणालो.

"बेस तुह्या परीक्षेत. इथी पाय म्हन. आरसा काऊन असते?"

"उजेड वर पाठवायला."

"कोनत्या बाजूनं? दोन बाजू हायेत त्याले."

मला माहीत नव्हतं. बाकावरची एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. भाऊ तिच्याकडे वळले. "पाह्य बाई, सरकारनं मॅट्रिक पाठवला, आन् त्याले आरशाची बाजू नाई मालूम."

मग शिकवणी सुरू झाली, ती तासभर. ओट्याखाली उजेड गोळा करणारं भिंग बसवलेलं असेल तर आरशाची सपाट बाजू, ते काढलं तर खोलगट. ओटा म्हणजे काच ठेवायची चौकोनी जागा, मधे भोक असलेली. त्याच्यावर दोन चिमटे, काच सरकू नये म्हणून. खाली पडदा, उजेड कमी-जास्त करायला. "लय उजेड झाला का आंधया आन् डोयस सारखाच." वर फिरती चकती, तिच्यात तीन भिंगं, आखूड, मधलं आणि लांब. त्यावर नळी, आणि नळीच्या टोकाला डोळ्याचं भिंग. शेवटी बाजूचे दोन पेच. मोठ्या पेचाने नळी झरझर खालीवर होते, बारीक पेचाने केसभर सरकते. "मोठा पेच म्हंजे मानसाची घाई, बारीक पेच म्हंजे त्याची अक्कल. तुह्यापाशी सध्या मोठाच दिसून राह्यला."

मग म्हणाले, पाह्य. मी डोळा लावला आणि दोन मिनिटांत ओरडलो, "दिसले! जंतू दिसले!"

"कसे हायेत?" भाऊंनी फार शांतपणे विचारलं.

"काळे, लांब, वाकडे. पाच-सहा आहेत."

"हालून राह्यले का?"

"हो, हालतात की!"

"तुह्या पापन्या हायेत त्या, बे."

अख्खा व्हरांडा हसला. ज्याला तापाने उभं राहवत नव्हतं, तोही हसला. माझे कान लाल झाले, आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून मी त्यांना पाण्यात पाहायला लागलो.

त्यांचा एक नियम होता: नळी खाली आणायची ती बाजूने बघत, आतून बघायचं ते नळी वर नेताना. उलटं केलं की भिंग काचेवर टेकतं, काच फुटते, भिंगावर चरा पडतो. दुसऱ्याच आठवड्यात मी उलटं केलं. कच्च, एवढाच आवाज. ती काच एका गोंड म्हाताऱ्याच्या रक्ताची होती. तो बिचारा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून कोसभर चालत आला होता. भाऊंनी मला शिवी दिली नाही. फुटलेली काच माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "जा. त्याले दाखव. तुहं रक्त माह्या हातून फुटलं म्हून सांग आन् पुन्हा माग."

मी मागितलं. म्हाताऱ्याने दुसरं बोट पुढे केलं. मला त्या वेळी म्हाताऱ्याची लाज वाटायला हवी होती. मला फक्त भाऊंचा राग आला.

सगळ्यात जाच होता तो लांब भिंगाचा. ते तेलाचं भिंग. काचेवर सिडारच्या तेलाचा एक थेंब टाकायचा, भिंगाचं टोक त्यात बुडवायचं, मग फार बारीक गोष्टी स्वच्छ दिसतात. पण एक काच झाली की ते टोक तेल विरघळवणाऱ्या झायलॉलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसायचं, आणि मगच दुसरी काच. प्रत्येक वेळी. दिवसाला चाळीस काचा असोत की चार.

"भिंगाचं तोंड उष्टं असते," भाऊ म्हणायचे. "एकाच्या पानातलं दुसऱ्याच्या पानात वाढशीन का तू? कुनी वाढते का? मंग?"

हे ते रोज म्हणायचे. रोज! सकाळी पेटी उघडताना एकदा, दुपारी डबा सोडताना एकदा. माझ्या कानांना घट्टे पडले होते.

आता त्यांच्या जिभेबद्दल. आमच्या भागात महारोगाचे रोगी बरेच. कानाच्या पाळीला बारीक चीर द्यायची, आतला रस पात्याने खरवडून काचेवर पसरायचा, लाल रंग चढवायचा, आम्लाने धुवायचा, मग निळा. जंतू असतील तर निळ्यावर लाल काड्या दिसतात. एवढं सगळं झालं की भाऊ खिडकीतून, व्हरांड्याच्या पलीकडे बसलेल्या कंपाउंडरला ओरडून सांगायचे. एकच शब्द. "निघाले." किंवा, "नाई निघाले."

निघाले म्हटलं की काय व्हायचं ते मी कितीदा पाहिलंय. बाकावर आठ माणसं असायची. क्षणात सात उठायची. उरलेला आठवा इकडेतिकडे बघायचा, आपल्यालाच म्हणाले का म्हणून. मी एकदा धीर करून म्हणालो, "भाऊ, चिठ्ठीवर लिहून पाठवलं तर?"

"काऊन? चिठ्ठीवर लिहिलं तं जंतू कमी होतात का?"

असला माणूस. पण एक गोष्ट कबूल करतो, नाही तर माझंही बोलणं पाणी घातलेलंच व्हायचं. शंभर खिडक्या दोनदा पाहिल्याशिवाय तो शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. खिडकी म्हणजे नळीतून एका वेळी दिसतो तो गोल तुकडा. मुलचेऱ्याकडची एक बाई आली होती, कडेवर मूल, सोबत नवरा. नुसतं तोंड पाहून डॉक्टरांनी महारोग ठरवला होता. भाऊंनी तीन दिवस तिच्या काचा पाहिल्या. पुन्हा चीर दिली, पुन्हा रंगवल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन म्हणाले, "नाई निघाले. तुमाले पाह्यजेत म्हून मी कुठून आनू?" बाई नवऱ्याबरोबर घरी गेली. ती गेल्यावर भाऊ मला म्हणाले, "एक लाल काडी पाह्यली आन् मी बोंबललो, तं तिचं घर गेलं असतं. ते पोरगं गेलं असतं. समजलं का, मॅट्रिक?"

समजलं होतं. म्हणजे पुढे जे केलं ते मी समजून केलं.

माझ्या लग्नाचं चाललं होतं तेव्हा. मुलीचे वडील सिंदेवाहीकडचे, चांगले खातेपिते. मुलगा कामावर कसा आहे ते बघायला ते न सांगता दवाखान्यात आले. भाऊंनी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं. मग मला हाक मारली. "मॅट्रिक, पाव्हन्याले नावं म्हनून दाखव. पायापासून." दोन वर्षं झाली होती मला नोकरीत! पडदा आणि चकती यांच्यामध्ये काय ते आठवेना. ओटा, अहो, समोर दिसत होता ओटा, आणि शब्द येईना. भाऊ पाहुण्यांना म्हणाले, "पोरगा वाईट नाई. मंद हाये, बस."

सोयरीक मोडली. पुढे माझं लग्न झालं, चांगलं झालं, त्या मुलीची मला आज आठवणही नाही. पण तेव्हा आतून जळत होतो मी. कंपाउंडर माझ्या जखमेवर रोज मीठ चोळायचा, "तुले तं त्यानं बाकावर बसवलं ना मॅट्रिक, रोग्यासारखं."

त्याच वर्षी शेवंताचं जमलं. मुलगा शाळामास्तर, घर चांगलं, हुंड्याची अडवणूक नाही. भाऊ आठ दिवस कुणालाही गाढव म्हणाले नाहीत. एकदा तर मेजावर पेढे ठेवले आणि डाव्या डोळ्याने आमच्याकडे बघत म्हणाले, "खा. पन हात धुवून."

आणि कंपाउंडरने तो चट्टा पाहिला. भाऊ नळाखाली हात धूत होते, बाही कोपराच्या वर गेली होती. कोपरावर रुपयाएवढा पांढुरका डाग. त्याने माझ्या कानात सांगितलं, मी मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरच्या. दोन दिवसांत गोष्ट वर पोचली, आणि नवे डॉक्टर, पुण्याकडचे, नुकतेच आलेले, त्यांनी भाऊंना बोलावलं.

"आम्लाचा डाग हाये, साहेब. जुना हाये," भाऊ म्हणाले.

"असेल. पण एकदा तपासून टाकू. आणि तुमची काच तुम्ही नको, यांना बघू दे." यांना म्हणजे मला.

माझ्या मनात उकळ्या फुटल्या. लपवत नाही.

त्या दिवशी सकाळी एका रोग्याची काच होती, जंतूंनी गच्च भरलेली. प्रत्येक खिडकीत लाल पुंजके. मी ती पाहून बाजूला ठेवली. भाऊंची काच तयारच होती. भिंगाच्या टोकाला आधीच्या काचेचं तेल लोंबत होतं. मला एवढी घाई झाली होती की मी नवीन थेंबसुद्धा टाकला नाही. म्हटलं, आहे की तेल. भाऊंची काच ओट्यावर सरकवली, नळी खाली आणली. बाजूने बघत आणली, तेवढं चोख केलं. डोळा लावला.

तिसऱ्या खिडकीत लाल काड्या. पाचवीत आणखी. शंभर खिडक्या कोण बघतो? मी उठलो, खिडकीशी गेलो आणि व्हरांड्याच्या पलीकडे ओरडलो. त्यांच्याच आवाजात ओरडलो, तसाच, तेवढ्याच जोरात.

"निघाले!"

"कोनाचे?" कंपाउंडरने विचारलं. त्याला चांगलं माहीत होतं.

"रक्तवाले भाऊंचे!"

बाक भरलेला होता. शेवंता डबा घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर उभी होती. ती मला ओरडल्यानंतर दिसली. आधी दिसली असती तरी मी थांबलो असतो का, हे मला सांगता येत नाही.

भाऊ आले. डॉक्टरांना म्हणाले, एकदा मला पाहू द्या. डॉक्टरांनी दिलं. ते स्टुलावर बसले, दोन्ही डोळे उघडे, पण त्या दिवशी डावा डोळा कुणाकडेच बघत नव्हता. बारीक पेच इकडे फिरवला, तिकडे फिरवला. केसभर खाली, केसभर वर. खूप वेळ. मग म्हणाले, "साहेब, हे तेलात हायेत. मासात नाईत. मासाची खोली येगळी दिसून राह्यली, या काड्यायची येगळी. पेच फिरवून पाहा तुमी."

डॉक्टरांनी बघितलं. त्यांना तेवढी नजर नव्हती. त्यांना लाल दिसलं, बस.

भाऊ माझ्याकडे वळले. "मॅट्रिक, भिंग पुसलं होतं का?"

पुसलं नव्हतं. त्या क्षणापर्यंत ती चूक होती, अशी चूक की जी आमच्या धंद्यात घाईचा माणूस करतो आणि शिव्या खाऊन सुधारतो. 'नाही पुसलं' एवढं म्हणायचं होतं. फार तर बाकावरच्यांसमोर पुन्हा एकदा फजिती झाली असती.

"पुसलं होतं," मी म्हणालो.

"माह्या डोयात पाहून सांग."

"पुसलं होतं, भाऊ. रोज पुसतो."

डॉक्टर म्हणाले, आपण नागपूरला नवीन काच पाठवू, तोवर तुम्ही रजेवर जा. भाऊंनी कानाची पाळी पुढे केली, "इथी घ्या, आत्ता घ्या, मी बसतो." डॉक्टरांनी चीर स्वतः दिली, पण लांबून, हात ताणून. काचा नागपूरला गेल्या.

उत्तराला महिना लागला. जवळच्या चामोर्शीच्या आठवडी बाजाराला एका महिन्यात चार वेळा लोक जमतात. दुसऱ्या बाजारापर्यंत मास्तरच्या घरून निरोप आला, मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. तिसऱ्या बाजारापर्यंत आळीतल्या बायांनी शेवंताला विहिरीवर सांगितलं, बाई, तू थांब, आमचं भरून होऊ दे. मग सांगितलं, तू येऊच नको. हे मला कंपाउंडर रोज चवीने सांगायचा आणि मी ऐकून घ्यायचो.

मग नागपूरचं पत्र आलं. टंकलेखन केलेलं, खाली गोल शिक्का. जंतू नाहीत. भाऊ ते घेऊन दवाखान्यात आले, धुतलेला सदरा, दाढी केलेली. पत्र त्यांनी खळ लावून व्हरांड्यातल्या खांबावर चिकटवलं, सगळ्यांना दिसेल असं. आणि खोलीत येऊन आपल्या स्टुलावर बसले.

आमच्या रोग्यांत वाचता येणारे किती? दहात एक. बाकीच्यांनी काय पाहिलं? रक्तवाल्याच्या नावाचा कागद सरकारने खांबावर लावला, खाली शिक्का मारून. एरवी असा कागद कशाचा लागतो? जप्तीचा, नाही तर फरारी माणसाचा. त्यांनी आपसांत ठरवून टाकलं, बघा, सरकारनेच जाहीर केलं. तोवर ज्यांना शंका होती, त्यांचीही फिटली.

भाऊंनी पहिला रोगी बोलावला, रक्त घ्यायला. माणसाने हात पाठीमागे नेला. दुसऱ्या बाईने मुलाला पदराखाली घेतलं. तिसरा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमीच घ्या ना, भाऊ." मी सुई उचलली. दुपारपर्यंत भाऊ स्टुलावर बसून होते, समोर यंत्र, आणि एकही काच नाही. मग त्यांनी यंत्र पेटीत ठेवलं, कडी लावली, किल्ली मेजावर ठेवली आणि गेले. राजीनामा टपालाने आला.

त्यांच्या जागी मी. लोक मला रक्तवाले भाऊ म्हणायला लागले. मी काम चांगलं केलं, अगदी त्यांच्यासारखं, प्रत्येक काचेनंतर भिंग पुसायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, दोन-दोनदा पुसायचो.

चार वर्षांनी हिवतापाच्या तपासणीसाठी चामोर्शीला गेलो. बाजाराचा दिवस, माणसं आयती सापडतात म्हणून. दुपारपर्यंत बोटं टोचून काचांची पेटी भरली आणि परतीच्या मोटारीसाठी गावाबाहेरच्या फाट्यावर येऊन थांबलो. मोटारीला वेळ होता. तहान लागली होती. नाल्याकाठी एक एकटी झोपडी दिसली, आणि नाल्याच्या वाळूत खड्डा करून एक बाई वाटीने पाणी भरत होती.

तिनेच ओळखलं. "दवाखान्यातले मॅट्रिकभाऊ ना? या ना. बाबा हायेत."

शेवंता. सव्वीस-सत्तावीसची असेल, चाळिशीची दिसत होती. भाऊ खाटेवर बसले होते, खूप वाळलेले, पाय सुजलेले. त्यांच्या चुलतभावाने झोपडीभोवतीचा जमिनीचा तुकडा कसायला दिला होता, गावात पाय ठेवायचा नाही एवढ्या अटीवर. मला वाटलं, आता तोंडावर थुंकतील. ते म्हणाले, "बारीक पेच अजून अडकते का रे पावसायात?"

"अडकतो," मी म्हणालो. "तेल घालतो."

"थोडंच घालजो."

शेवंताने पाणी दिलं आणि बाहेर गेली. भाऊ आवाज खाली करून बोलायला लागले. पलीकडच्या गावचा एक बिजवर होता, दोन लेकरांचा बाप, माणूस बरा. शेवंताला करून घ्यायला तयार होता. पण त्याच्या गावचा पाटील अडून बसला होता. "त्याले कागद नाई पाह्यजे. कागदावर विश्वास नाई त्याचा. म्हन्ते, दवाखान्यातला मानूस येऊन माह्यासमोर तोंडानं सांगन, तं मी गावाले समजावतो. आता दवाखान्यातला मानूस मी कुठून आनू? तीन पत्रं पाठवली साहेबाले."

ती तिन्ही पत्रं मी पाहिली होती. टपाल माझ्या मेजावरून जायचं.

काय झालं मला कोण जाणे. ते वाळूतलं पाणी पोटात गेलं होतं म्हणा. मी म्हणालो, "भाऊ, मी त्या दिवशी भिंग पुसलं नव्हतं."

ते म्हणाले, "मालूम हाये. फडकं पाह्यलं होतं मी तुहं. कोरडं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"जंतू निघालेल्या मानसाचं कोन ऐकते? मी ऐकलं होतं का कोनाचं?"

मला रडू आलं. खरंच आलं. मी त्यांच्या सुजलेल्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतला नाही, डोक्यावर हातही ठेवला नाही. ते एकदम उठायला लागले. "चाल मंग. आज बजार हाये, पाटील बजारातच असन. एवढंच म्हन, भिंग पुसलं नोतं. एवढंच. बाकी मी काही बोलनार नाई. शेवंता! माहा कोट काढ वो. मॅट्रिक सांगतो म्हन्ते!"

शेवंता धावत आत आली. तिच्या तोंडाकडे मी एकदाच पाहिलं. तिने पत्र्याची पेटी उघडली, कोट झटकला. भाऊंना उभं राहायला वेळ लागत होता, त्या सुजलेल्या पायांनी. मी म्हणालो, तुम्ही या, मी बाहेर थांबतो.

बाहेर आलो. बाजाराचा कलकलाट ऐकू येत होता. शे-दोनशे माणसं तरी असतील. त्यांच्यातल्या निम्म्यांची बोटं मी सकाळी टोचली होती. त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं, मी खोटं सांगितलं. उद्या माझ्या काचेवर कोण विश्वास ठेवेल? डॉक्टर विचारतील, वरून चौकशी येईल. घरी बायको, दोन मुलं. हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या मोजलं, फार वेळ लागला नाही. फाट्यावर मोटारीचा भोंगा वाजला आणि माझे पाय तिकडे वळले. पळालो नाही हो, चालतच गेलो, भरभर.

पलीकडच्या बाजूची खिडकी धरून बसलो. ड्रायव्हर सामान चढायची वाट बघत होता. तेवढ्यात धापा टाकत शेवंता आली. मोटारीला वळसा घालून माझ्याच खिडकीखाली आली. तिच्या दोन्ही हातांत माझी काचांची पेटी होती, झोपडीत राहिलेली. तिने ती जपून, आडवी धरून वर केली, एकही काच हलू नये अशी.

"भाऊ, पेटी राह्यली तुमची," ती म्हणाली. "बाबा येऊन राह्यले, कोट घातला त्यायनं. मोटार जराशी थांबवा ना."

मी पेटी घेतली, मांडीवर ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणालो, "चला."